मुंबईहून मालवण किती लांब?

मुंबईच्या विमानतळापासून चिपीच्या सड्यावरच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेष ओढली, तर अंतर भरतं सुमारे 350 किलोमीटर. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत फरक जेमतेम तीन अंशांचा, रेखांशांत तर एकाहूनही कमी. 9 ऑक्टोबर 2021 रोजी या मार्गावर प्रवासी विमान सुरू झालं तेव्हाचं वेळापत्रक असं होतं: मुंबई 11 वाजून 35 मिनिटं, सिंधुदुर्ग दुपारी 1. म्हणजे 1 तास 25 मिनिटं. मालवण, वेंगुर्ले, देवगड, कुडाळ या भागातल्या बहुतेक घरांतून चार-चार पिढ्या पोटासाठी मुंबईला गेल्या. त्या घरांना हा आकडा मोठा वाटला आणि तो मोठा होताच. अंतर शिवरायांच्या काळात होतं तेवढंच आहे, वेळ मात्र दर पिढीला बदलत आली. ती कुणी बदलली, कशाने बदलली आणि दर वेळी काय मागे सुटलं, याचा माग काढण्यासारखा आहे.

सुरुवात शिडापासून करावी लागते. 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, तेव्हा या किनाऱ्यावर लांबचा प्रवास म्हणजे समुद्राचाच प्रवास होता. जमिनीवरून उत्तरेकडे जायचं तर कर्ली, गड, वाघोटन, जैतापूर, जयगड, दाभोळ, बाणकोट अशा खाड्या नि नद्या एकामागून एक आडव्या येतात आणि प्रत्येक ठिकाणी तरीची वाट पाहावी लागते. मचवे, पडाव, गलबतं, फत्तेमाऱ्या यांना मात्र मुंबईपर्यंत मोकळं पाणी. समुद्रमार्गाने हे अंतर पावणेदोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे.

पण शिडाच्या गलबताला जाण्याची आणि येण्याची वेळ एकच नसते. पावसाळा सरल्यावर इथे बहुतेक दिवस वारा वायव्येकडचा. मुंबईहून मालवणकडे येणारं गलबत तो वारा पाठीशी घेऊन उतरे. मालवणहून मुंबईला निघालेल्याला तोच वारा तोंडावर. मग तांडेल रात्री-पहाटे जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडे आणि दुपारी खारा वारा भरला की नागमोडी मार्गाने थोडं थोडं वर सरके. वारा पडला तर नांगर टाकून बसणं आलं. त्यामुळे मुंबई किती दिवसांवर आहे, या प्रश्नाला त्या काळी एक उत्तर नव्हतं. महिना कोणता, चाललात कुठल्या दिशेला आणि तांडेल कोण, हे विचारल्याशिवाय सांगता येत नसे. आणि ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत उत्तर एकच असे: समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर दर्या पुन्हा उघडायचा. या हवामानाची सत्ता पुढच्या सगळ्या वाहनांवर टिकून राहिली, म्हणून ती इथेच नोंदवून ठेवतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाफेच्या बोटी आल्या. 1845 मध्ये मुंबईत किनारी वाहतुकीसाठी स्थापन झालेल्या कंपनीतून पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन उभी राहिली. कोकणात तिच्या बोटी तिच्या एजंटांच्या नावावरून शेपर्ड कंपनीच्या बोटी म्हणून ओळखल्या जात. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी पणजी, ही बंदरं कित्येक घरांत पोरांना पाढ्यांसारखी पाठ होती. मुंबई ते पणजी हा पल्ला विसाव्या शतकात सुमारे बावीस तासांचा झाला. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या उतारूंची वेळ त्याआधीची, पुष्कळदा मध्यरात्रीनंतरची.

वाफेने वाऱ्यावरचं अवलंबित्व तोडलं, हा तिचा खरा पराक्रम. जाण्याची नि येण्याची वेळ पहिल्यांदाच जवळजवळ सारखी झाली आणि ती आधी सांगता येऊ लागली. पत्रात लिहिता येऊ लागलं की अमुक दिवशीच्या बोटीने येतो. माझ्या मते या किनाऱ्याच्या इतिहासात वेगापेक्षाही ही खात्री मोठी. गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेल्या माणसाला रजेचे दिवस मोजूनच गावाला यावं लागे. परतीची वेळ सांगता येत नसेल, तर तो निघणारच नाही. 1921 च्या जनगणनेत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सव्वादोन लाखांहून अधिक लोक होते. तेव्हा आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा मालवणसह बराच भाग त्याच रत्नागिरीत मोडत होता. शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती, म्हणजे पाच मुंबईकरांत जवळपास एक जण इकडचा. गिरणगाव आणि त्याच्या मागे राहिलेली गावं यांना बांधणारी दोरी म्हणजे बोट. तिच्यावरून माणसं गेली, फणसपोळी, कोकम, सुकी मासळी, आंब्याच्या पेट्या गेल्या. उलट दिशेने कापड, भांडी, औषधं आणि गणपतीच्या आराशीचे कागद आले.

मात्र बावीस तासांचा हिशेब फक्त बोटीचा. मालवण बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांच्या रांगा आहेत, मोठी बोट आत येऊच शकत नाही. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसांना किनाऱ्यावर आणायला पडाव जात. अंधारात, हलत्या शिडीवरून, ट्रंक आणि वळकटी सांभाळत, कडेवरचं मूल खालच्या खलाशाच्या हातात देऊन बाईमाणसाने पडावात उतरायचं. लाटेने पडाव वर आला की पाय टाकायचा, खाली गेला की थांबायचं. रात्रभर बोट लागून अंगातलं त्राण गेलेलं असे. किनाऱ्याला लागल्यावर पुढे गावापर्यंत बैलगाडी, डोली किंवा पायी वाट. आचरा, मसुरे, कट्टा, पेंडूर अशा आतल्या गावांना पोचायला आणखी अर्धा दिवस. मुंबईच्या बाजूलाही तेच. जागा मिळवायची तर धक्क्यावर पहाटेपासून रांग. मधला टप्पा यंत्राने छोटा केला, पण दोन्ही टोकं जुन्याच चालीची राहिली. हे पुढेही पुन्हा पुन्हा घडलं.

बोटीची किंमत या लोकांनी जिवानेही मोजली. 11 नोव्हेंबर 1927 रोजी एकाच दिवशी वादळात ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. ती बोट मालवणची नव्हती, पण भाऊच्या धक्क्यावर ताटातूट अनुभवलेल्या प्रत्येक कोकणी घराने तो शोक आपला मानला. जुलै महिना, उधाणलेला समुद्र आणि तरीही सणासाठी घरी पोचण्याची ओढ. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर झालेला तो अपघात एका विशिष्ट लोकसमूहाच्या अगतिकतेचा पुरावा आहे, असंच मी त्याकडे पाहतो.

पावसाळ्यात दक्षिण कोकणची बोट बंद झाली की मालवण मुंबईपासून एकदम दूर जाई. मग वाट घाटावरून. मुंबईहून आगगाडीने पुणे, मिरज आणि 1891 नंतर थेट कोल्हापूर. तिथून बैलगाडीने, पुढच्या काळात सर्व्हिस मोटारीने फोंडा घाट उतरून कणकवलीकडे, किंवा आंबोलीने सावंतवाडीकडे. आंबोलीचा घाटरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेळगाव आणि वेंगुर्ले बंदर जोडण्यासाठी बांधला गेला. त्या जोरावर वेंगुर्ल्याची पेठ भरभराटीला आली. पण 1888 मध्ये मुरगावच्या बंदरातून लोंढ्यामार्गे लोहमार्ग देशावर पोचला आणि बेळगाव-धारवाडचा माल तिकडे वळला. ज्या गावात 1637 च्या सुमारास डच लोकांनी वखार घातली होती, ते बंदर हळूहळू उतरणीला लागलं. वेंगुर्ल्यात वादळ झालं नव्हतं की खाडी गाळाने भरली नव्हती. शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या एका ठिकाणी कुणीतरी रूळ टाकले, एवढंच झालं होतं. जवळ-लांब हे नकाशावर ठरत नाही, दुसरीकडे काय बांधलं जातं त्यावर ठरतं, हा धडा वेंगुर्ल्याने फार आधी शिकला. पुढे गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या वेळी तो पुन्हा आठवावा लागणार आहे.

पावसाळ्यातल्या या आडवाटेचा सगळ्यात कठीण भाग मरणाच्या बातमीचा. तार विजेच्या वेगाने जाई. आई गेल्याची तार परळच्या चाळीत काही तासांत मिळे आणि मुलाला घरी पोचायला तीन-चार दिवस लागत. अंत्यसंस्कार थांबत नसत. दहाव्याला तरी पोचावं, हाच काय तो प्रयत्न. बातमीचा वेग आणि माणसाचा वेग यांच्यातली ही दरी त्या पिढ्यांनी निमूटपणे सोसली. चाकरमान्याच्या बायकोने गावी एकटीने शेत, सासूसासरे आणि पोरं सांभाळत काढलेली वर्षंही याच दरीत मोडतात. मनिऑर्डर वेळेवर येई, माणूस वर्षातून एकदा.

रस्त्याच्या युगाबद्दल फार लांबण लावत नाही, कारण त्याने वेळ तितकीशी कमी केली नाही. खाड्यांवर एकेक पूल झाला, एसटी खेड्यापर्यंत पोचली आणि मुंबई-गोवा महामार्गावरून रात्रीच्या गाड्या धावू लागल्या. मालवणपर्यंतचा रस्ता पाचशे किलोमीटरच्या पुढचा, म्हणजे विमानाच्या रेषेच्या जवळपास दीडपट. कशेडी, भोस्ते, परशुराम असे घाट चढत-उतरत बारा ते चौदा तास. तरी एसटीने एक मोठं काम केलं: टोक जोडलं. गाडी आचऱ्याच्या नाक्यावर उभी राही आणि तिथून घर चालत जाण्याच्या अंतरावर. पडाव नाही, शिडी नाही, समुद्र बंद म्हणून मुक्काम नाही. लोकांनी बोट सोडून एसटी धरली ती याच सोयीसाठी. 1980 च्या दशकात किनाऱ्यावरची प्रवासी बोट थांबली तेव्हा तिच्यासाठी फारसं कुणी भांडलं नाही. 1994 मध्ये मुंबई-पणजी अशी वेगवान कॅटामरान सुरू झाली. जुन्या बोटीला बावीस तास लागत, तिला सात-आठ. पण ती मालवणला थांबणारी नव्हती. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या समोरच्या समुद्रातून ती निघून जाई आणि काही वर्षांत तीही बंद पडली. ज्या बंदरांच्या जिवावर हा जलमार्ग शंभर वर्षं चालला, त्यांना वगळून तो पुन्हा उभा करायचा प्रयत्न टिकला नाही.

महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम 2011 च्या सुमारास सुरू झालं आणि चौदा वर्षांनंतरही ते पूर्ण झालेलं नव्हतं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या गाड्याही गेल्या. त्याही घटनेचा महिना पाहा. पाऊस आणि प्रवास यांची गाठ इथेही सुटलेली नाही.

रेल्वेची गोष्ट वेगळी, कारण तिच्यामागे माणसांची चिकाटी दिसते. अ. ब. वालावलकरांनी कोकण रेल्वेचा ध्यास घेतला आणि ती कशी शक्य आहे हे आयुष्यभर सांगितलं. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले आणि कोकणची बाजू मांडत राहिले. 1971 मध्ये ते गेले, त्यानंतर त्याच मतदारसंघातून मधु दंडवते वीस वर्षं निवडून आले. 1977 ते 1979 या काळात ते रेल्वेमंत्री होते. 1989 मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन यांच्या हाती काम आलं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर. नव्वदहून अधिक बोगदे, त्यात रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. 1996 च्या अखेरीस गाडी सावंतवाडीपर्यंत आली आणि 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. ज्या खाड्यांनी तीनशे वर्षं जमिनीवरचा प्रवास अडवला, त्या एकेका पुलावरून काही सेकंदांत मागे पडू लागल्या.

कुडाळ आता रात्रीच्या झोपेवर आलं. रात्री मुंबईत कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी कुडाळला उतरायचं. 27 जून 2023 पासून वंदे भारत धावू लागली. पहाटे साडेपाचच्या आसपास मुंबई सोडणारी ही गाडी साधारण सहा तासांत कणकवलीला येते. मालवणला स्टेशन नाही. कणकवली, सिंधुदुर्गनगरी किंवा कुडाळला उतरून पुढे रिक्षा किंवा एसटीने तासाभराची वाट. ती धरली तरी परळच्या घरातून मालवणच्या घरात सात-साडेसात तास.

पण रेल्वेलाही पावसाने आपल्या शिस्तीत आणलं. 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी 16 जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. तेव्हापासून पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात, फार पाऊस असेल तर ताशी 40 किलोमीटरवर आणतात, दरडींवर गस्त असते आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळं वेळापत्रक चालतं. त्या काळात वंदे भारतच्या फेऱ्याही कमी होतात आणि तिला लागणारा वेळ काही तासांनी वाढतो. हे योग्यच आहे. जिवापेक्षा वेळ मोठी नाही. पण गणेश चतुर्थी भाद्रपदात येते आणि भाद्रपद नेहमी याच वेळापत्रकात सापडतो. वर्षातल्या ज्या आठवड्यात सगळ्यात जास्त माणसं या 350 किलोमीटरवर निघतात, तो आठवडा पावसाळ्यातच असतो. गलबताच्या काळापासून यात बदल नाही.

आता विमान. कोकणचे सडे म्हणजे जांभ्या दगडाची उंच, सपाट पठारं. खाली खाडी, माड, शेती आणि वर उघडा खडक. चिपी-परुळ्याचा सडा वेंगुर्ले तालुक्यात आहे आणि तिथे 2500 मीटरची धावपट्टी तयार झाली. 2018 मध्ये चतुर्थीच्या आदल्या दिवशी चाचणीचं पहिलं विमान उतरलं आणि त्यातून गणपतीची मूर्ती आणली गेली. 5 मार्च 2019 रोजी उद्घाटनाचा एक सोहळा झाला, मग अडीच वर्षं थांबावं लागलं. अखेर 9 ऑक्टोबर 2021 रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय हवाई वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांच्या हस्ते सेवा सुरू झाली. अलायन्स एअरचं एटीआर 72 जातीचं, पंख्यांचं विमान, साधारण सत्तर जागांचं. मुंबईहून सुरुवातीचं भाडं 2520 रुपये. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या विमानतळाला बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव देण्याचा निर्णय घेतला. ज्या माणसाने कोकणच्या दळणवळणासाठी संसदेत आवाज उठवला, त्याचं नाव इथे येणं उचित आहे.

या 1 तास 25 मिनिटांची फोड करून पाहू. एटीआर वर पोचल्यावर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडतं. 350 किलोमीटरला नुसता तो वेग धरला तर पाऊण तासही पुरे. उरलेली चाळीस मिनिटं चढणं, उतरणं आणि मुंबईच्या जमिनीवर आपली पाळी येण्याची वाट पाहणं यात जातात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते आणि लहान विमानालाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं. भाऊच्या धक्क्यावरची रांग आता हवाई पट्टीवर आली. त्याआधी लालबाग-परळहून विमानतळापर्यंत तास, तिथे दीड-दोन तास आधी पोचणं, आणि चिपीला उतरल्यावर कर्ली नदीचा वळसा घेऊन मालवणला तासभर. देवबागच्या टोकावरून कर्लीच्या मुखापलीकडचा किनारा हाकेच्या अंतरावर दिसतो, पण मोटारीला पूल गाठण्यासाठी आत जावं लागतं. सगळं मिळून पाच-साडेपाच तास. रेल्वेच्या तुलनेत बचत दोन तासांची. आजारी माणसासाठी, परदेशातून येणाऱ्यासाठी, दोन दिवसांच्या रजेवर आलेल्यासाठी दोन तास मोलाचेच आहेत. पण जाहिरातीतल्या आकड्यावरून वाटतं तेवढी ती झेप नाही.

शिवाय हा आकडा उधारीचा होता. ही सेवा केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली सुरू झाली. या योजनेत काही जागांच्या भाड्यावर मर्यादा असते आणि तोटा भरून काढायला सरकार कंपनीला पैसे देतं, पण फक्त तीन वर्षं. तेवढ्या काळात मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, ही अपेक्षा. चिपीत सुरुवातीला ढगाळ, धुकट हवेत विमान उतरवण्याची यंत्रणा नव्हती, त्यामुळे पावसाळ्यात फेऱ्या रद्द होत. रद्द झालेल्या फेऱ्यांनी भरवसा गेला, भरवसा गेल्यावर आरक्षणं गेली. त्यातच 5 जानेवारी 2023 पासून सावंतवाडीपासून जवळच, गोव्याच्या हद्दीतल्या मोपा विमानतळावर विमानं उतरू लागली. तिथे दिवसभर अनेक फेऱ्या, अनेक शहरं, रात्रीही उड्डाणं. 1888 मध्ये मुरगावच्या रुळांनी वेंगुर्ल्याचं जे केलं, तेच मोपाने चिपीचं करायला घेतलं. तीन वर्षं भरली आणि 2024 च्या ऑक्टोबरात अलायन्स एअरची मुंबई फेरी थांबली. फ्लाय 91 या गोव्याच्या नव्या कंपनीने त्याच वर्षी चिपीला हैदराबाद, बंगळूर आणि पुण्याशी जोडलं, हे दिलाशाचं. पण ज्या एका शहरासाठी हा विमानतळ मागितला गेला होता, तेच त्या वेळी यादीतून गळलं.

जगात दुसरीकडे हे कसं हाताळलं जातं, हे पाहताना मला नॉर्वेचा किनारा आठवतो. आपल्यासारखाच खाड्यांनी चिरलेला, रस्त्याला अवघड, तुरळक वस्तीचा. तिथे हॅमरफेस्ट हे गाव सत्तर अंश अक्षांशावर आहे. 1893 पूर्वी ट्रॉन्डहाइमहून तिथे पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिनेही लागत. 2 जुलै 1893 रोजी रिचर्ड वीथ या कप्तानाने ‘वेस्टेरोलेन’ नावाची आगबोट काढली आणि 67 तासांत ती हॅमरफेस्टला पोचवली. सरकारने तिला पैसे दिले, अट एकच: वर्षभर, अंधारातही, ठरल्या दिवशी. 1968 पासून तिथे आखूड धावपट्ट्यांचे छोटे विमानतळ बांधले गेले आणि वीस जागांची विमानं गावागावांत उतरू लागली. रस्ते झाले, बोगदे झाले. तरी बोट चालूच आहे. आजही बर्गेन ते किर्केनेस या मार्गावर ती चौतीस बंदरं घेते. तोट्यातल्या विमानमार्गांनाही सरकार निविदा काढून पैसे देतं आणि मुदत संपली की पुन्हा निविदा निघते. तिथे लोकसंख्या आपल्यापेक्षा किती तरी कमी आहे आणि पैसा किती तरी जास्त, हे मान्य. पण पैशाखेरीज एक धोरणही तिथे दिसतं: नवं वाहन आलं म्हणून जुनं मोडायचं नाही, कारण प्रत्येकाला अडवणारं हवामान वेगळं असतं.

आपल्याकडे उलटं झालं. रस्ता आला तशी बोट गेली. बंदरातले धक्के गाळाने भरले, पडाव चालवणारी माणसं मासेमारीकडे किंवा पर्यटकांना किल्ल्यावर नेण्याकडे वळली. रेल्वे आली तशी लांब पल्ल्याच्या एसटीकडची आस्था उतरली. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना चार दशकांहून जुनी आहे आणि तिच्यातले कित्येक खाडीपूल अजून कागदावर किंवा अर्धवट. मुंबईचं विमान आलं, तीन वर्षं उडालं आणि थांबलं. दर वेळी आपण एकाच वाहनावर भार टाकला आणि ते अडलं की सगळे अडलो. त्यामुळे श्रावण संपत आला की मुंबई-सावंतवाडी मार्गावर काय होतं, ते कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. साठ दिवस आधी आरक्षण उघडतं आणि काही मिनिटांत प्रतीक्षायादी सुरू होते. मग जादा गाड्या, मग मंडळांनी ठरवलेल्या बस, मग महामार्गावर माणगाव-महाडच्या कोंडीत काढलेल्या रात्री.

2025 मध्ये राज्य सरकारने मुंबई-जयगड-विजयदुर्ग अशी रो-रो बोट जाहीर केली. भाऊच्या धक्क्यावरून जयगड तीन तास, विजयदुर्ग पाच तास आणि बोटीत मोटारीही. ती गणपतीत सुरू करायचा बेत होता आणि हवामानामुळे तो पुढे ढकलावा लागला. त्यात निराश होण्यासारखं काही नाही. भाद्रपदातला समुद्र कुणाचं ऐकत नाही, हे इथल्या लोकांना सांगावं लागत नाही. विजयदुर्गहून मालवण मोटारीने दोन-अडीच तास, म्हणजे बोट धरूनही एकूण वेळ रेल्वेच्या आसपास. स्वतःच्या गाडीने, म्हाताऱ्या आईवडिलांना आणि सामानाला घेऊन येणाऱ्यासाठी ही वाट महामार्गापेक्षा फार बरी ठरेल. ऑक्टोबर ते मे या काळात ती नेमाने चालली, तर रेल्वेवरचा आणि रस्त्यावरचा भार तिच्यामुळे हलका होईल आणि भाद्रपदासाठी रेल्वेच्या जादा गाड्यांचा वेगळा विचार करता येईल. विजयदुर्गच्या पुढे देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या बंदरांवर अशा बोटीला लागेल असा धक्का बांधायचा, तर खडक, गाळ आणि लाटा यांचा अभ्यास आताच सुरू व्हायला हवा. चिपीच्या मुंबई फेरीसाठीही तीन वर्षांची मुदत पुरेशी नाही. बोटीला या किनाऱ्याची सवय व्हायला पिढी गेली होती आणि रेल्वेची मागणी रुळावर यायला त्याहूनही जास्त. दहा वर्षांसाठी पैशाची हमी, पावसात उतरण्याची सोय, आणि विमान उतरल्यावर दहा मिनिटांत मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या तिन्ही दिशांना सुटणारी एसटी, एवढं एकत्र आलं तर 1 तास 25 मिनिटांना काही अर्थ येईल.